कोकराचं केळवण

कोकरू खाली बसलं होतं आणि दात खात होतं. डावी कूस फुगून ताठ झालेली, तोंडाला आंबट वास. बाहेर टेम्पो उभा होता, औरंगाबादच्या जनावरांच्या प्रदर्शनाला न्यायला.

"उठवा की त्याला, वहिनी," दीर म्हणाला. "रुसून बसलंय."

"रुसलं नाही. मरतंय."

मी त्याच्या मागची लेंडी काडीनं उकरली. पातळ होती आणि तिच्यात आख्खे गहू होते. माझ्या घरात त्याला गहू कोणी देत नव्हतं.

चार महिने मी ते वाढवलं होतं. आधी तुरीचं भुसकट, मग मक्याचा भरडा आणि शेंगदाण्याची पेंड. भरडा वाढवायचा तर मूठभरसुद्धा एकदम नाही, आठवडाभरात थोडा थोडा. चाऱ्याच्या पोटाला एकदम धान्य पडलं की ते आत आंबतं. मी चौथीपर्यंत शिकले, पण हे शाळेत नाही शिकले. आमची एक मेंढी खळ्यावर सुटून ज्वारीच्या राशीत तोंड घालून मेली, तेव्हा शिकले. ते सगळ्या वस्तीनं पाहिलं होतं. शिकले मात्र मी एकटीच.

आदल्या दिवशी मी चितेगावला पेंड आणायला गेले होते. दिवेलागणीला परत आले तर कोकराच्या कपाळावर हळद.

"हे काय?"

"प्रदर्शनाला चाललंय, म्हंजे नवरदेवच की," दीर हसला. "हळद लावली."

"खायला काय घातलं?"

"काय नाय. तुमची शपथ."

मी दिराचं तोंड बघितलं आणि विश्वास ठेवला. त्या मूर्खपणाचा राग अजून गेलेला नाही.

आता लेंडीतले गहू मी दिराच्या नाकाखाली धरले. तेव्हा सासूबाई पुढं आल्या.

"आगं, केळवण केलं त्याचं. घरटी वाटीभर भिजले गहू न् गूळ. मायेनं दिलं समद्यांनी."

"किती घरांनी, आत्याबाई?"

वस्तीत अकरा घरं. एकाही घरानं चुकवलं नव्हतं. लग्नघरी कोण चुकवतं?

"भुसकटावर नंबर येत नसतो, वहिनी," दीर पुटपुटला. "वजन भरावं म्हणून..."

"भरलं ना? उचला आता."

मी सोडा पाण्यात कालवून पाजला, वर गोडं तेल पाजलं, पोट चोळलं. धरून उभं केलं तर पाय दुमडत होते. काल सांगितलं असतं तर सोडा तेव्हाच पाजला असता, काहीतरी करता आलं असतं. थट्टा झाली, शपथ झाली, खरं तेवढं सांगायचं राहिलं. बायका दारात उभ्या राहून हळहळत होत्या. मी त्यांना म्हटलं, "वाट्या घासून ठेवा. तेराव्याला लागतील." त्यानंतर दोन जणी माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. बरं झालं.

टेम्पोवाला बिडी ओढत वाट बघत होता. ऊन अंगणात यायच्या आत कोकरू गेलं. टेम्पो रिकामा परत गेला.

त्याची जुळी बहीण पलीकडं दाव्याला भुसकट खात उभी होती. मादी म्हणून तिला प्रदर्शनाला कोणी निवडलं नव्हतं, हळद लावली नव्हती, जेवायला घातलं नव्हतं. ती जगली.