दासगावच्या होडीत आलेलं पाणी

होडी पाण्यात ढकलून दहा मिनिटंही झाली नव्हती, आणि तळाशी पाणी चकाकायला लागलं. मी वाकून बघितलं. फळ्यांच्या जोडातून पाणी झिरपत होतं, एका नव्हे, चार-पाच ठिकाणांहून.

"काका, होडी फुटकी आहे," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो, ही माझी जुनी खोड. काठावर सात-आठ माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं.

मी महाडचा सर्व्हेअर. वापरलेल्या वस्तूची आज काय किंमत येईल ते ठरवायचं, हे माझं काम. नवी वस्तू केवढ्याला पडेल ते धरायचं, त्यातून वयाची आणि वापराची झीज वजा करायची. या झिजेला आम्ही घसारा म्हणतो. एमआयडीसीतले बॉयलर, ट्रक, आणि पुरानंतर तर गाड्याच गाड्या. सीटखाली हात घालायचा, ओल लागली की किंमत खाली. तीस वर्षं हेच केलं. होडी मात्र पहिलीच.

ती विकत होते महादूकाका. गुडघे गेले म्हणून दिवाळीपासून खाडीत उतरले नव्हते, होडी काठावर उन्हात पडून होती. घेणारे इक्बालभाई, महाडचेच. कुवेतला ट्रेलर चालवून परत आले होते आणि आता भावाबरोबर मासेमारी करणार होते. काका दीड लाख म्हणत, इक्बालभाई एक लाख. शेवटी दोघांनी ठरवलं, सर्व्हेअर सांगेल तो आकडा. मी सकाळी फोन केला आणि दुपारी जाऊन उभा राहिलो. काठावर इंजिन चालू करून बघितलं, लाकूड कुठे कुजलंय का ते बघायला स्क्रूड्रायव्हरने फळ्या टोचल्या, मनात एक लाख चाळीस धरले. मग म्हणालो, पाण्यात घालून दाखवा.

"पंच्याऐंशी हजार," पाणी बघून मी म्हणालो.

इक्बालभाईंचा चेहरा खुलला. "साहेब, तेवढं लिहून द्या."

काका काठावरच्या दगडावर बसले होते. "पैशाचं ऱ्हाऊ दे सायेब. फुटकी म्हणालात, ते मागं घ्या. अठरा वर्सं हिच्यात बसलोय. दासगावात माझ्या होडीला असं कुणी म्हणलं नाय."

"मग हे पाणी कुठून आलं?"

"लाकूड सुकलंय. फळ्या आकसल्या, फटी पडल्या. दोन दिस पाण्यात ऱ्हाऊ दे, फुगंल नि फटी बुजतील. मगाशी सांगत होतो, तर तुम्ही फोटो काढत होतात."

खरं सांगतो, मला राग आला. विकणारा काही ना काही सांगतोच, आणि दासगावचा दुसरा फेरा म्हणजे अर्धा दिवस गेला. पण मी सही केली नव्हती. काकांनी तर होडी वर न ओढता खुंटीला बांधायला सांगितलीही होती. "परवा येतो," म्हणालो. इक्बालभाई नाराज झाले.

ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी गेलो. होडी खुंटीला बांधलेली, भरतीच्या पाण्यावर हलत होती. पहिल्या दिवशी दोनदा पाणी उपसलं होतं, मग गरज पडली नाही. मी सवयीने तळाशी हात घातला. कोरडा. जोडांवरून बोटं फिरवली. कोरडे. मला माझीच लाज वाटली. पाणी आत आलं की माल बिघडला, एवढंच मी शिकलो होतो.

"एक लाख चाळीस," मी म्हणालो.

"थांबा," काका म्हणाले. गुडघ्यावर हात दाबत होडीत उतरले आणि इंजिनाखाली वाकून बोट दाखवलं. "हितं टोचा."

स्क्रूड्रायव्हर लोण्यात घालावा तसा आत गेला. इंजिन ज्या फळीवर बसतं, तीच आतून कुजली होती. वर तेलाचा थर होता. मला ती दिसलीच नव्हती.

"हे कशाला दाखवलंत?"

"उद्या ह्यो भावाला घेऊन खाडीत जानार. इंजिन सुटलं तर?"

फळी बदलायची मजुरी आणि लाकूड धरून आठ हजार वजा केले. एक लाख बत्तीस हजार. पंच्याऐंशीची चटक लागलेले इक्बालभाई स्वतः वाकून ती फळी टोचून बघत म्हणाले, "काका, सुतार तुमच्या ओळखीचाच बघा."

मी कागदावर सही केली. त्या दिवशीचीच माणसं काठावर होती. मी जरा मोठ्याने म्हणालो, "होडी फुटकी नाही. चूक माझी होती."

काकांनी मान हलवली आणि विडी पेटवली. दुसऱ्या फेऱ्याची फी मी घेतली नाही.

आता होडी बघायची असली की आधी विचारतो, पाण्यात कधी घातली. माझ्या फॉर्मात तशी एक ओळ वाढवली आहे. विकणाऱ्याने आपण होऊन दाखवलेला दोष लिहायला मात्र अजून रकाना नाही. तीस वर्षांत तो एकदाच लागला असता.