ओलं पान

माझी कॉलेजातली मैत्रीण सुमन गेल्याचं सांगलीला कळून मी मलकापूरला पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. अंगणात तिचे यजमान दिनकरराव उभे होते. फौजेतून निवृत्त झालेला ताठ माणूस, पण त्या दिवशी वाकलेला. त्यांनी हात पुढे केला आणि मी लांबूनच नमस्कार केला. हवेत राहिलेला तो हात त्यांनी सावकाश खाली घेतला... अजून डोळे मिटले की मला तो हात दिसतो.

माझ्या तळहातांना लहानपणापासून घाम येतो. शाळेत उत्तरपत्रिका भिजायच्या, शाई फुटायची. पुढे ग्रंथपाल झालो, तोही रुमालानं पुस्तक धरणारा. कॉलेजात हे फक्त सुमनला ठाऊक होतं, आणि तिनं काम निवडलं ते नेमकं कागदाचं. उसाचं पाचट नि जुनी लुगडी शिजवून, कुटून ती लगदा करायची, हौदात चाळणी बुडवून ताव उचलायची. ताव वाळला का, हे गाल टेकवून बघायची. तिच्या पुस्तकांत अक्षर नसे. कडेगावच्या माहेरच्या रानाचं एक पुस्तक होतं. त्यातलं एक पान नांगरटीसारखं खरबरीत, एक पाटातल्या गाळासारखं मऊ. ते बोटांनीच वाचायचं.

सांगलीच्या प्रदर्शनात ते उघडं मांडलं होतं, पण हात लावायला कुणी धजेना. मी खिशात हात घालून मागे उभा होतो. तिनं सगळ्यांदेखत हाक मारली, "आरं, खिशात काय अंडी उबवतोयस? ये की फुडं!" लोक हसले. मी हात पुसून पुसून त्या मऊ पानावर टेकवला. उचलला तेव्हा पंजाएवढा ओला डाग उमटला होता आणि कागद फुगला होता. एक बाई म्हणाल्या, "अरेरे, घाण केली की!" जमीन फाटावी असं झालं. सुमन म्हणाली, "कागद पान्यातनंच येतोय बाई. त्येला घामाचं काय?" मला वाटलं, सांभाळून घेतेय.

परवा पुन्हा मलकापूरला गेलो. दिनकररावांनी ते पुस्तक काढलं. ते पान तिनं बदललं नव्हतं. पंजाचा फुगवटा तसाच होता, कडा पिवळसर झाल्या होत्या.

"कुणी आलं की पयलं हेच दावायची," ते म्हणाले. "म्हनायची, माजं पुस्तक खरं वाचलं ते ह्या एका मानसानं."

इतकी वर्षं ते पान तिनं फाडून टाकलं असेल, असंच मी धरून चाललो होतो. विचारायचीही लाज वाटली होती. मी डागावर पंजा ठेवला. बोटं अजून जुळत होती. मग रुमाल न काढता तोच हात दिनकररावांपुढे केला. त्यांनी तो घट्ट धरला.

"लय घाम हाय की वो तुमाला," ते म्हणाले, पण हात सोडला नाही.

निघताना मी पुस्तक मिटायला गेलो, तर त्यांनी अडवलं.

"ऱ्हाऊ द्या उघडं, सर. ओलं पान मिटायचं न्हाई. ती रागवंल."