मेलेल्या जंतूंशी भांडण

वडगावच्या विणकर गल्लीत मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला, की अक्काताईला बोलावणं जायचं. जुन्या ताण्याच्या एकेका धाग्याचं टोक नव्याच्या टोकाशी धरायचं, राख लावलेल्या बोटांनी पीळ द्यायचा आणि पुढं सरकायचं. हातमागांच्या दिवसांत ती कामाला बसली की शेजारणी दारात उभ्या राहून बघायच्या. टाळ्या तेवढ्या पडायच्या बाकी असत. आता मागांना वीज आली, तरी टोकं जोडायला तिचीच बोटं लागायची.

आणि संकट आलं ते त्या बोटांवरच. कोपरावर फिकट चट्टा उठला, चिमटा काढला तरी कळेना. सरकारी दवाखान्यात कुष्ठरोग निघाला. गोळ्यांनी बरा होतो, असं प्रियदर्शनी सिस्टरनं समजावलं, तशी अक्काताईनं न चुकता गोळ्या घेतल्या. काही महिने गेले. चट्टा विझायची वेळ आली आणि नेमका तेव्हाच तो पेटला. लालभडक झाला, सुजला, कोपरापासून करंगळीपर्यंत कळा सुटल्या.

"गोळ्यांनीच घात केला माझा!" म्हणत तिनं पाकीट फडताळात मागं सारलं आणि विणकराचा इलाज काढला. सूत लेचंपेचं पडलं की खळ देऊन ताठ करतात. तशी खळीत भिजवलेली पट्टी तिनं कोपराला आवळून बांधली. वाळून ती लाकडासारखी कडक झाली.

"आत्याबाई, हात हाय का मागाचा दांडा?" सून रूपाली वैतागली. "दवाखान्यात चला."

"तू गप गं. खळीचं मला शिकवू नगंस."

दुसऱ्या दिवशी ताण्यावर बसली, तर पीळ बसेना. दोन बोटं आत वळत होती. जोडलेली टोकं सुटली आणि ती रूपालीनं पुन्हा जोडली. तिचं काम दुसऱ्या कुणी दुरुस्त केलं, असं आजवर झालं नव्हतं. अक्काताई दवाखान्यात जायला चपला घालून उभी राहिली.

सिस्टरनं कोमट पाण्यानं पट्टी सोडवली. "गोळ्यांनी जंतू मारलेत, आक्का. ते जिवंत होते तोवर तुमचं अंग त्यांच्याकडं बघतच नव्हतं. आता जाग आलीय, आणि मेलेल्यांवर तुटून पडलंय. जंतू हाताच्या नसेमध्ये बसलेत, म्हणून मार त्या नसेला बसतोय."

"म्हंजे जित्ते हुते तवा झोपलं, आन् मेल्यावर मर्दुमकी?" अक्काताई भडकली. "माझंच अंग, आन् इतकं येडं?"

"व्हय. त्याचा राग उतरवायचं औषध डॉक्टर देतील. जुन्या गोळ्याही सोडायच्या न्हाईत. आणखी उशीर झाला असता, तर बोटं अशीच राहिली असती."

मग हात झोळीत आणि जोडणीला रूपाली. अक्काताई शेजारी बसून करवादायची, "अगं, पीळ दे, पीळ! कुरवाळतीस काय धाग्याला?"

"आत्याबाई, अंगापरीस तुमचं तोंडच लई भडकलंय. त्याला बी औषध मागू काय?"

दवाखान्यात गेलं की बोटांचा जोर बघायला सिस्टर करंगळी आणि शेजारच्या बोटामध्ये कागद ठेवायची. "धरा," म्हणायची आणि ओढायची. कागद रेशमासारखा निसटायचा. अक्काताई स्वतःच्याच हाताला शिव्या घालत घरी यायची. पुढं पुढं तो अडखळत निसटू लागला.

एके दिवशी सिस्टरनं ओढला आणि कागद टर्रकन फाटला. अर्धा तुकडा बोटांतच राहिला. करंगळी अजून जराशी वाकडीच होती.

"सोडा आता, आक्का."

"न्हाय सोडत. आधी सांग, ताण्यावर कवा बसू?"