खापराच्या मापाची चूल

चोपड्याच्या डॉक्टरांनी आईच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या आणि बोलले ते माझ्याशी. "चुलीचा धूर थांबवा. तो थांबला नाही तर थेंब घालून काही उपयोग नाही, हळूहळू नजर जाईल." आईला सांगण्यात अर्थ नाही हे त्यांनी दोन मिनिटांत ओळखलं असावं.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. गावात गॅसची शेगडी दोनच घरांत, बाकी सगळं गाव पऱ्हाटीवर शिजायचं. कापूस वेचून झाला की कपाशीची वाळकी झाडं उपटून गाडीभर घरी आणायची आणि त्यावर वर्ष काढायचं. पऱ्हाटी भुर्रकन पेटते आणि भुर्रकन संपते. त्यामुळे बाईला चुलीपुढून हलता येत नाही, एक हात भाकरीत आणि दुसरा काड्या सारण्यात. त्यात पऱ्हाटी दमट असली तर विचारूच नका.

मी तेव्हा बारावी पास झालेली, म्हणजे मला सगळंच कळत होतं! तालुक्याला निर्धूर चुली बांधायचं दहा दिवसांचं शिक्षण निघालं, त्यात मी नाव घातलं. शिकवणाऱ्या साहेबांकडे पत्र्याचा एक साचा होता. साच्याभोवती माती लिंपायची, साचा काढून घ्यायचा, चूल तयार. पुढच्या तोंडावर तवा, मागच्या तोंडावर पातेलं, आणि धूर भिंतीलगतच्या नळीतून वर. "साच्यापासून बोटभरही हलायचं नाही," साहेब रोज बजावायचे. मी हलले नाही.

पहिली चूल अर्थातच आमच्या घरी बांधली. धाब्याच्या छपरावरच्या नळीतून धूर निघताना पाहायला अर्धी गल्ली जमली होती. आईने त्या दिवशी चहा दोनदा केला, आणि आमच्याकडे ही फार मोठी शाबासकी होती. पुढे माघात माझं लग्न झालं आणि मी धरणगावकडे सासरी गेले. आईच्या डोळ्यांची चिंता मिटली या आनंदात मी बाकीच्या रडण्याला फार वेळ दिला नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, तशी मीही सण चार दिवसांवर असताना आले. दारातच धुराने माझं स्वागत केलं. आत आई पदराने डोळे पुसत बसलेली, डोळे आधीपेक्षा लाल, आणि माझ्या चुलीचं पुढचं तोंड पहारीने फोडून ऐसपैस केलेलं. फुटल्या कडांतून धूर मोकळाच बाहेर येत होता, नळीकडे कोण जातंय!

माझं डोकंच फिरलं. तोंड धुवायच्या आधी मी भांडायला सुरुवात केली. आंधळी व्हायचंय का, मी दहा दिवस काय झक मारायला गेले होते का, असं बरंच काही बोलले. वडील ताट उचलून ओट्यावर जाऊन बसले.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातलं मातीचं मोठं खापर उचलून माझ्यापुढे दणकन ठेवलं. "आखाजीले लेक ऊनी, नि मांडा कसावर करू? तुना डोकावर?"

मी खापराच्या कडेवरून वीत फिरवली. पुरणाचा मांडा हातांवर फिरवत, कोपरापर्यंत वाढवत न्यायचा आणि उपड्या खापरावर टाकायचा. ते खापर केवढं! साहेबांच्या साच्यात ते बसणं शक्यच नव्हतं. साहेब बाहेरगावचे, त्यांना मांडे ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण मी? जन्मापासून दर आखाजीला त्या खापरावरचे मांडे खाल्लेली मी! मी भिंत मोजली, नळी मोजली, तवा मोजला. आईला मात्र एका शब्दाने विचारलं नाही, तू काय काय रांधतेस म्हणून. मला त्या क्षणी स्वतःची भयंकर लाज वाटली आणि लाज वाटली की मी आणखी मोठ्याने बोलते, तशी बोललेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र गुपचूप माती कालवली. या वेळी साचा नव्हता. आईने ओल्या मातीवर खापर उपडं दाबलं आणि त्याच्या कडेबरहुकूम चुलीचं तोंड वळवलं, फट राहिली नाही. मग रोजच्या तव्याचं काय, हा प्रश्न मी काढला. आईने मातीचं एक जाड कडं थापलं: एरवी ते तोंडावर ठेवायचं आणि त्यावर तवा, सणाला कडं काढायचं आणि खापर. मागच्या तोंडावर पाण्याचं भांडं बसवलं. तिला हे सुचायला पानसुपारी खाण्याइतकाही वेळ लागला नाही. वैशाखाच्या झळांनी दोन दिवसांत सगळं खणखणीत वाळवलं; तोवर आईने बाजूला तीन दगड मांडून धुरातच रांधलं.

आखाजीच्या सकाळी मी पऱ्हाटी पेटवली. पहिला धूर थोडा घुटमळला, चुलीच्या तोंडाशी आला, आणि मग नळीने तो ओढून घेतला. आईने पहिला मांडा टाकला, दुसरा टाकला. पदर डोळ्यांना लागला नाही. मी समोर बसून काड्या सारत होते. आम्हा मायलेकींचं सगळं आयुष्य असंच, चुलीच्या अल्याडपल्याड बसून गेलेलं. तिसरा मांडा हातावर घेऊन ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता चुलीचं काहीतरी कौतुक येणार.

"कितली वाळी गई व तू!" ती म्हणाली. "सासरले पोटभर जेवस नही का?"

मला येऊन चार दिवस झाले होते. तिला माझं तोंड आत्ता दिसलं होतं.