गोदीची पहिली करवंटी

बालवाडीच्या बायांनो, आज सकाळी जे झालं ते तुमच्या कानावर घालतेच.

सुगी आहे म्हणून पोरांना घरून ओंजळभर ज्वारी आणायला सांगितली होती. सगळ्यांची मिळून रास केली. करवंटीनं मापायची आणि मोठ्यानं मोजायचं. चार वर्षांची गोदी मापू लागली, "लाभ, दोन, तीन..."

"लाभ नाही, एक," मी म्हटलं. ती पुन्हा "लाभ". तीनदा तेच. मला वाटलं, पोरीला कुणीतरी मुद्दाम पढवून पाठवलंय. लेव्हीसाठी, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीसाठी, दाणे मोजायला सरकारनं ही बाई धाडलीय, असं गावात माझ्याबद्दल बोलतातच.

दारात तिची आई उभी होती. "खरं सांगा बाई, कुणासाठी मोजायलाव?"

"कुणासाठी नाही. हिला एक येत नाही, ते शिकवतेय."

आई पोरीकडं वळली. "गोदे, नाक किती?"

"एक."

"आन् ज्वारीचं पहिलं माप?"

"लाभ."

"राशीला एक म्हणलं की बरकत जाती. लेकराला ठावं हाय, तुमाला न्हाई?" असं म्हणून ती तिथंच फतकल मारून बसली. "उद्यापासून मी बी येते. बघते, काय शिकवताव ते."

सांगा बायांनो, उद्या तिच्यासमोर पहिली करवंटी मी काय म्हणत भरू?