आतली कडी

आमच्या मलकापुरातला तो फरशीवाला मिस्त्री जरा मंद आहे, सांगितलेले त्याच्या डोक्यात शिरत नाही, असे लोक म्हणतात. हे मत सपशेल चुकीचे आहे.

न्हाणीघरातला शॉवर-ट्रे माझ्या पडण्याने तडकला, असे माझा मुलगा सांगतो. वस्तुतः तो तडकलेला होता म्हणून मी पडलो. असो. ट्रे बदलायला मिस्त्री आला. आधी फरशांच्या फटींतले काळवंडलेले सिमेंट तो पात्याने खरवडू लागला. मध्येच एखाद्या फरशीवर टकटक करून कान लावी, जणू तिची तब्येत विचारीत असावा. मी सूचना केल्या. प्रत्येक सूचनेला तो आदराने "हाव, बाबूजी" म्हणाला आणि एकही पाळली नाही.

दुपारी मुलगा त्याला म्हणाला, "मिस्त्री, दाराची आतली कडीही काढून टाका. बाबा पुन्हा पडले त दार तोडा लागीन."

माझ्यादेखत, मला न विचारता! लोटलेल्या दाराआड आंघोळ करण्याचे माझे वय अद्याप झालेले नाही.

"हाव, भाऊ," मिस्त्री म्हणाला आणि खरवडत राहिला. मी त्याच्याशी बोलणे सोडले.

संध्याकाळी नवा ट्रे बसला होता, फटी पांढऱ्याशुभ्र भरल्या होत्या आणि कडी जागच्या जागी होती.

"काऊन हो, कडी नाही काढली?" मुलाने विचारले.

"हाव, भाऊ. लय कुरकुरत होती. तेल देलं तिले."

मिस्त्रीला काही समजत नाही, असे आता मुलगाही म्हणतो. मी रोज सकाळी ती कडी अलगद सरकवतो आणि त्याचे मत आतून, मोठ्या आवाजात, खोडून काढतो.