कोपऱ्यातली खूण

ती घटना विसरलो असतो तर बरे झाले असते. निवृत्त पोलीस अधिकारी आठवणी लिहायला बसला की बहुधा स्वतःची पाठ थोपटतो. मीही अर्ध्या वाटेपर्यंत थोपटणार आहे, कारण चोर मी दहा दिवसांत पकडला होता. पुढचे सांगायला मात्र इतकी वर्षे लागली. त्या प्रकरणात चोराने जेवढे नुकसान केले नाही, तेवढे मी केले.

तेव्हा मी वसई पट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. आमच्या हद्दीतल्या जूचंद्र गावची एक सत्तरी ओलांडलेली आगरी बाई फिर्याद द्यायला आली. तिची लोखंडी पेटी चोरीला गेली होती. पेटीत दागिने नव्हते, कागदपत्रे नव्हती. लहान मुलांची जुनी चित्रपुस्तके होती, एकूण छत्तीस.

त्यांतली चित्रे तिच्या नवऱ्याने काढलेली. नवरा गिरगावातल्या एका छापखान्यात चित्रकार होता. जूचंद्रमध्ये रांगोळी काढणारे हात घरोघरी आहेत, त्यातलाच त्याचा एक. छापखाना दर महिन्याला मुलांसाठी सोळा पानांचे रंगीत पुस्तक काढायचा. त्यात माणसे नसायची. बगळा मास्तर, खेकडा न्हावी, बेडूक पोस्टमन आणि रेडा हवालदार, जो नेहमी भलत्यालाच पकडून आणायचा. सगळे एका खाडीकाठच्या गावात राहायचे, भांडायचे आणि शेवटच्या पानावर एकत्र जेवायचे. मुखपृष्ठावर छापखान्याच्या मालकाचे नाव मोठ्या अक्षरांत, चित्रकाराचे कुठेच नाही. म्हणून हा माणूस प्रत्येक मुखपृष्ठाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, गवतात, तीन बारीक ठिपके काढून ठेवायचा, चुलीच्या दगडांसारखे मांडलेले. मालकाला ते कधी दिसले नाहीत.

छापखाना बंद पडला, चित्रकार वारला. मुलांची पुस्तके कोण जपतो? पोरे फाडतात, उरलेली रद्दीत जातात. पूर्ण संच या एकाच घरात राहिला होता. चोरीच्या महिनाभर आधी एका प्रकाशकाने ही पुस्तके पुन्हा छापायचे ठरवले. त्याच्याकडे काही सुटी पुस्तके होती, पण जुन्या मुखपृष्ठांवाचून. बाईने फोन करून सांगितले, चित्रे माझ्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात त्यांची खूण आहे. तो म्हणाला, "आजी, मूळ प्रती दाखवा, खूण दिसली की नाव छापतो." तो बघायला येणार, त्याच्या आधीच पेटी गेली. बाईला पेटीचे दुःख नव्हते. तिला पुस्तकावर नवऱ्याचे नाव पाहायचे होते, डोळे मिटायच्या आत, एवढेच.

हे सगळे तिने ठाणे अंमलदाराला, म्हणजे टेबलावर बसलेल्या हवालदाराला, अर्धा तास सांगितले. हवालदार सोलापूरकडचा, बदलून येऊन पंधरा दिवस झालेले. आगरी बोलीत 'ण'चा 'न' होतो हे त्याच्या गावीही नव्हते.

"साहेब, कोपऱ्यान माज्या मालकांनी खून केलेली हाय," बाई म्हणाली.

हवालदाराने पेन खाली ठेवले. "कुणाचा खून?"

"कुनाचा नाय. त्यांचीच खून. परत्येक पुस्तकान."

हवालदाराला वाटले, म्हातारी दुःखाने भरकटली आहे. त्याने ते सगळे सोडून दिले आणि आमच्या ठरलेल्या नमुन्यातले वाक्य लिहिले: 'सदरची मालमत्ता मला दाखविल्यास मी ओळखेन.' खाली 'वाचून दाखविले, बरोबर आहे' आणि बाईचा अंगठा. मी संध्याकाळी फिर्याद वाचली. खुणेचा शब्दही नव्हता. बाईला आत बोलावून दोन मिनिटे विचारावे, एवढे मला सुचले नाही. कामाचा व्याप होता, असे म्हणता येईल. व्याप कुठल्या दिवशी नसतो?

तपास मात्र आम्ही झकास केला. घरात चांदीची भांडी जागच्या जागी होती, टीव्ही होता, कुलूप तुटलेले नव्हते. मागच्या दाराची कडी बाहेरून सरकवता येते हे माहीत असलेला माणूस हवा होता, आणि ज्याला ही पुस्तके म्हणजे रद्दी वाटत नाही असा हवा होता. रद्दीवाले विचारून झाले, हाती काही लागले नाही.

मग गोखिवऱ्यातून खबर आली. तिथल्या एका गाळ्यात प्लास्टिकच्या पिशव्या बनवणारा आमचा जुना खबऱ्या. तो म्हणाला, "साहेब, एक रिटायर माणूस येऊन पारदर्शक पिशव्या घेऊन गेला. साइज ना शर्टाची, ना फाइलची. आणि एकेक पिशवी उजेडात धरून बघत होता, धूळ आहे का म्हणून. असं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघितलं."

"पत्ता?"

"माल कळंबला पोचवला. समुद्राकडचं कॉटेज."

आम्ही सकाळी अकराला कळंबला पोचलो. दार त्यानेच उघडले. साठीचा, स्वच्छ कपड्यातला, पूर्वी कुठेतरी चांगल्या नोकरीत असलेला माणूस. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर छत्तीस पुस्तके ओळीने. काही पिशवीत घातलेली, काही घालायची. हातात सुती मोजे. पुस्तकांचे फोटोबिटो काढायचे त्याचे अजून राहिले होते. तो पळाला नाही, उलट आम्हाला बूट काढायला सांगितले.

चौकशीला दहा मिनिटे लागली. त्याला जुनी बालपुस्तके गोळा करायचा नाद होता. तीन वेळा बाईच्या घरी जाऊन चहा पिऊन आला होता, विकत मागून पाहिली होती, ती देईना. बायको घरात आणखी कागद येऊ देत नव्हती म्हणून कॉटेज भाड्याने घेतले.

"चोरी का केलीत?" मी विचारले.

"साहेब, ती पेटी भाताच्या कणगीशेजारी होती. उंदीर असतात तिथे. मी वाचवली पुस्तकं. त्यांना काय कळतंय त्याचं मोल?"

पुढे कळले की बाईने पेटीत प्रत्येक पुस्तक जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळले होते आणि मध्ये कडुनिंबाचा पाला घातला होता. उंदराने कधी तोंड लावले नव्हते. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पाहिली: वस्तूचे मोल फक्त आपल्यालाच कळते असे ज्याला वाटते, तो चोरी करताना स्वतःला चोर समजत नाही. हे मी तेव्हा मनात घोळवले आणि स्वतःवर खूश झालो.

जप्ती पंचनामा सुरू झाला. कॉटेजचा रखवालदार आणि शेजारचा एक कोळी असे दोन पंच. शिपायाने चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येक चिठ्ठीवर गुन्हा क्रमांक, दोन्ही पंचांच्या सह्या आणि माझी सही. डिंकाची बाटली उघडली.

तेवढ्यात तो माणूस उठला. "साहेब, चिठ्ठ्या पिशवीवर लावा. पुस्तकावर नको."

माझे डोके तापले. त्याआधी एका खटल्यात मी चिठ्ठी पिशवीवर लावली होती. वकिलाने भर कोर्टात विचारले, साहेब पिशवी ओळखतात की आतली वस्तू? कोर्ट हसले आणि आरोपी सुटला. तेव्हापासून मी ठरवले होते, चिठ्ठी वस्तूवरच.

"खाली बसा," मी म्हणालो.

"निदान खालचा उजवा कोपरा तरी सोडा, साहेब. हात जोडतो. तिथं..."

"मला काम शिकवू नका. चिठ्ठी कुठे लावायची ते चोर ठरवणार का?"

त्याचे वाक्य अर्धेच राहिले. माझ्या शिपायाला सवय खालच्या उजव्या कोपऱ्याचीच. मी एकेक सही करत गेलो आणि तो एकेक चिकटवत गेला. तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसला. मला वाटले, नाटक करतो आहे. खरे सांगायचे तर त्याला नाही म्हणताना मला मजा वाटली. मध्ये मी एक पुस्तक उघडून रेडा हवालदाराची दोन पाने वाचली आणि हसलोही. मुखपृष्ठ मात्र पाहिले नाही.

वर्तमानपत्रात फोटो आला. वरिष्ठांनी फोन करून शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी ओळख पटवायला बाईला बोलावले. तिने पहिले पुस्तक हातात घेतले, डोळ्यांजवळ नेले, कोपऱ्यावरून बोट फिरवले. मग दुसरे, मग तिसरे.

"आजी, तुमचीच ना?"

"माजीच. पन या चिठ्ठ्या कुनी लावल्या?"

"आम्ही. पुराव्यासाठी."

"याच्या खाली त्यांची खून हाय, साहेब. मी बोललू होती ना तुमच्या मानसाला."

हवालदाराला बोलावले. तो ताठ उभा राहिला. "सर, बाई खून खून म्हणत होत्या. मला वाटलं..." मी नखाने एक चिठ्ठी सोडवायला घेतली, तर मुद्देमाल कारकून धावत आला. "साहेब, पंचांच्या सह्या आहेत. काढली तर पुराव्यात फेरफार होईल. आरोपीचा वकील सोडणार नाही." त्याचे बरोबर होते. मीच त्याला ते शिकवले होते.

पुस्तके बाईला परत मिळावीत म्हणून आम्ही कोर्टात अर्ज दिला. कोर्टाने ती सुपुर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमी घेऊन, तिच्या ताब्यात दिली, पण खटला संपेपर्यंत आहे त्या स्थितीत ठेवायची, कोणताही फेरफार करायचा नाही, या अटीवर. म्हणजे पुस्तके घरात आली आणि नवऱ्याची खूण चिठ्ठीखाली कोंडली गेली.

प्रकाशक येऊन गेला. तो वाईट माणूस नव्हता. बाईच्या घरून थेट माझ्याकडे आला. म्हणाला, "साहेब, मला आजींचं खरं वाटतं. पण उद्या छापखान्याच्या मालकाचे वारस उभे राहिले तर? मला एक लेखी द्या. सह्या करताना तुम्ही ती खूण पाहिली होती ना?"

छत्तीस पुस्तके माझ्या हातून गेली होती. मला 'हो' म्हणता आले असते. नोकरीत मी कधी खोटे लिहिलेच नाही, असा दावा मी करत नाही. कधी काम लवकर उरकावे म्हणून, कधी वरच्यांनी सांगितले म्हणून लिहिले आहे. जिथे एका खोट्याने खरे वाचले असते, तिथेच माझा प्रामाणिकपणा जागा झाला. मी म्हणालो, "नाही, मी पाहिली नव्हती."

खूण पाहिलेला घराबाहेरचा एकच माणूस होता, आरोपी. मी त्याला निरोप पाठवला. त्याने उत्तर पाठवले की वकिलांनी तोंड उघडायला मना केले आहे. कोर्टात त्याने ती पुस्तके यापूर्वी कधीच पाहिली नसल्याचे सांगितले. ज्याने त्यांच्यासाठी हात जोडले होते, त्याने.

प्रकाशक किती थांबणार? पुस्तक निघाले. आतल्या पानावर 'चित्रकार: अज्ञात' असे छापले होते. बाईने ते पान मुलीकडून वाचून घेतले आणि पुस्तक कणगीवर ठेवून दिले. तिने माझ्याविरुद्ध तक्रार केली नाही. केली असती तर मला बरे वाटले असते.

तारखा पडत राहिल्या. मी निवृत्त झालो. मग आरोपी हृदयविकाराने गेला आणि खटला निकाली निघाला. अट संपल्याचे कळल्यावर मी जूचंद्रला गेलो. लोक मला विचारतात, पोलिसाने सगळ्यात आधी काय शिकावे? मी म्हणतो, समोरच्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे. फिर्यादीचे तर द्यावेच, चोराचेही द्यावे. मी दोघांचेही होऊ दिले नाही, आणि ते मला नोकरी संपल्यावर कळले. आता त्या शहाणपणाचा कुणालाच उपयोग नाही.

बाई फार थकली होती. पुस्तके तिने ओटीवर काढून ठेवली होती. एकाही चिठ्ठीला हात लावला नव्हता.

"तुमीच लावली, तुमीच काडा," ती म्हणाली.

मी ओले फडके घेतले, कोपरा भिजवला, हळूच उचलले. हलका कागद, इतक्या पावसाळ्यांचा मुरलेला डिंक. चिठ्ठीबरोबर मुखपृष्ठाचा तुकडाच निघून आला, चिठ्ठीच्या पाठीला नुसता हिरवा लगदा, ठिपके नाहीत. दुसऱ्याला वाफ दिली, तेच. तिसऱ्याला सुरीचे पाते लावले, तेच. बाई वाकून प्रत्येक भोकात बघत होती. अकरावे झाल्यावर तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, साहेब. नाय आता."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिने माझ्या हातातली चिठ्ठी घेतली आणि उजेडात धरली. शाई जराही फुटलेली नव्हती. तिने सगळ्यात खालच्या सहीवर बोट ठेवले.

"यो नाव कुनाचा?" तिने विचारले.

"माझं," मी म्हणालो.